खाडीच्या गाळातला धातू आला कुठून? माग कळंबपासून काढावा

वसईच्या खाडीतला मूठभर गाळ प्रयोगशाळेत द्यावा, अहवालात 'तांबे किलोमागे १५० मिलिग्रॅम, निकेल ७०' असे आकडे यावेत, कुणीतरी ते परदेशी कोष्टकाशी ताडून पाहावेत आणि दुसऱ्या दिवशी खाडी विषारी झाल्याची बातमी छापून यावी, इतके हे काम सोपे वाटते. आकडे खरे असतात, घाई निष्कर्षाची होते. या खाडीला मिळणारी उल्हास नदी खंडाळ्याच्या डोंगरातून निघून कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण असा प्रवास करते आणि वाटेतला जवळजवळ सगळा खडक काळा बेसाल्ट आहे. या बेसाल्टमध्ये मुळातच किलोमागे साधारण १०० ते २५० मिलिग्रॅम तांबे आणि ५० ते १०० मिलिग्रॅम निकेल असते. म्हणजे कर्जत तालुक्यातल्या कळंबजवळच्या एखाद्या ओढ्यातला, डोंगरातून थेट आलेला गाळही त्या कोष्टकात नापास होऊ शकतो.

म्हणून खाडीतल्या जड धातूंचा माग काढायचा तर पहिला नमुना खाडीत नव्हे, कळंबकडे घ्यावा. पुढची कृती महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या किंवा भूशास्त्राच्या गटाला, एखाद्या प्रयोगशाळेची मदत घेऊन, एका वर्षात करता येईल अशी आहे.

संशयितांची यादी

पिशव्या आणि फावडी काढण्याआधी कागद घ्या. कोणत्या धंद्यातून कोणता धातू निघतो, याची यादी नदीच्या क्रमाने करा. धातू एकेकटे येत नाहीत, जोडीने किंवा टोळीने येतात आणि ती टोळीच पुढे ओळख पटवते.

उल्हासच्या बाबतीत सर्वांत बोलकी जोडी जस्त आणि पारा यांची आहे. कल्याणजवळ शहाड आणि मोहोने-आंबिवली या पट्ट्यात रेयॉनचा उद्योग उभा राहिला. व्हिस्कोस रेयॉनचा धागा ज्या आम्लाच्या कुंडात ओढतात, त्यात झिंक सल्फेट घालावे लागते; तिथून जस्त. रेयॉनसाठी लगदा विरघळवायला कॉस्टिक सोडा लागतो आणि तो जुन्या पद्धतीत पाऱ्याच्या विद्युतघटांत तयार होई, तिथून पारा. ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर झिंगडे आणि देसाई यांचा शोधनिबंध १९८१ सालीच प्रसिद्ध झाला आणि उल्हासच्या खाडीतल्या पारायुक्त गाळावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्येही लिहिले. तेव्हा तुमचा गट काही अज्ञात प्रदेशात पाऊल टाकत नाही. जुने आकडे वाचूनच निघा.

बाकीची यादी अशी: विद्युतविलेपनाच्या, म्हणजे प्लेटिंगच्या लहान कारखान्यांतून क्रोमियम, निकेल, जस्त, कधी कॅडमियम. रंग आणि रंगद्रव्यांतून शिसे, क्रोमियम, तांबे. बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्ट्यांतून शिसे आणि त्याच्याबरोबर अँटिमनी. रहदारीच्या रस्त्यावरून टायरांचे जस्त आणि ब्रेकचे तांबे. घरगुती सांडपाण्यातून जस्त, तांबे आणि थोडी चांदी. होड्यांच्या तळाला लावतात त्या रंगातून तांबे, पूर्वीच्या रंगातून कथीलही. वालधुनी अंबरनाथ-उल्हासनगरचे पाणी घेऊन येते, कामवारी भिवंडीचे. या दोन्हींच्या मुखाशी एकापेक्षा जास्त टोळ्या भेटणार हे गृहीत धरा.

नमुन्याच्या जागा

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा पसरा. नियम सोपा आहे: प्रत्येक संगमाशी तीन नमुने. मुख्य नदीत संगमाच्या वर एक, उपनदीत एक आणि दोन्ही पाणी नीट मिसळल्यावर खाली एक. पोश्री, बारवी, वालधुनी, काळू (भातसेचे पाणी घेऊन येणारी) अशा प्रत्येक ठिकाणी हे करा. मग दुर्गाडीपासून मुंब्रा, काशेली, घोडबंदर ते वसईच्या मुखापर्यंत खाडीत ठराविक अंतराने. भरतीचे पाणी कल्याणच्या आसपासपर्यंत चढते, त्यामुळे खाडीतला गाळ फक्त खाली वाहत नाही, वरही सरकतो. मुंब्र्याला सापडलेला धातू वसईहून वर आलेला नसेलच, असे समजू नका. नदीच्या भागात वरचा दोषी खालच्याला बाधतो, हा तर्क चालतो. खाडीत तो चालत नाही.

टाळायच्या जागा: पुलाखाली आणि पुलाच्या लगेच खाली, विसर्जन घाट, धोबीघाट, स्मशान, वीटभट्टीची राख पडते ती बाजू. नेरळ-कळंब रस्त्यावर दहिवलीला उल्हासवर पूल आहे. तिथे नमुना घ्यायचा तर पुलाच्या वर, रहदारीच्या धुळीपासून दूर जाऊन घ्या. खाडीत रेतीउपशाचे खड्डे टाळा. सक्शन पंपाने उपसलेल्या जागी वर्षानुवर्षांचे थर उलटेपालटे झालेले असतात आणि नकाशावर ते दिसत नाहीत. यासाठी जुन्या आगरी-कोळी होडीवाल्याला सोबत घ्या. पंप कुठे कुठे लागला होता, हे त्याच्याइतके कोणत्याच कार्यालयाला माहीत नसते.

एक किरकोळ वाटणारी पण महत्त्वाची सूचना. आंबिवली दोन आहेत: एक कोथळीगडाच्या पायथ्याची, दुसरी काळूकाठची. कळंबही दोन आहेत: एक कर्जत तालुक्यातले, दुसरे वसई-नालासोपाऱ्याच्या किनाऱ्यावरचे. पिशवीवर नुसते गावाचे नाव लिहिले तर पायाचा (म्हणजे तुलनेसाठीचा, डोंगरातला) नमुना आणि संशयिताचा नमुना यांची अदलाबदल होऊ शकते. म्हणून नाव, तालुका, अक्षांश-रेखांश आणि क्रमांक असे चारही लिहा.

पायाभूत नमुना: कळंबचा गाळ

या कामावर सर्वांत जास्त वेळ द्या. बहुतेक गट इथे एखाद-दुसरा नमुना घेऊन खाडीकडे धावतात आणि मग शेवटी भागाकाराला खालचा आकडाच डळमळीत निघतो.

कळंबच्या पूर्वेला भीमाशंकरच्या रांगेची भिंत आहे. तिथून उतरणारे ओढे आणि पोश्री (कागदोपत्री पोशीर) पुढे उल्हासला मिळतात. वरच्या अंगाला जंगल आणि खाली भातखाचरे, असा हा भाग आहे. पण 'निसर्गरम्य म्हणजे शुद्ध' असे मानू नका. भातशेतीत फॉस्फेटयुक्त खतांबरोबर थोडे कॅडमियम येते, पोल्ट्रीच्या खाद्यातून तांबे आणि जस्त येते, फार्महाउसच्या पत्र्यांवरून पावसात जस्त धुऊन निघते. म्हणून ओढ्याचा वस्ती आणि शेतीच्या वरचा भाग निवडा. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत जाणार असाल तर वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्या.

किमान दहा-बारा ठिकाणचा गाळ हवा. काही पोश्रीच्या वेगवेगळ्या ओढ्यांतले, काही कोथळीगडाच्या पायथ्याचे, काही पेज नदीचे, काही नेरळच्या बाजूचे. शेवटच्या दोन बाजू मुद्दाम सांगतो. माथेरानच्या माथ्यावर जांभा आहे आणि जांभ्यात लोह व क्रोमियम साठून राहिलेले असते. नेरळकडचा गाळ त्यामुळे कळंबच्या गाळापेक्षा वेगळा दिसू शकतो. पेज नदीत भिवपुरीच्या वीजगृहातून घाटमाथ्याचे पाणी उतरते, तेव्हा तिच्यातला गाळ फक्त कर्जतचा नाही. दोन्हींचा खडक बेसाल्टच असला तरी आकड्यांचा पसारा किती हे कळायला हवे. पाया म्हणजे एक आकडा नव्हे, एक पट्टा असतो: सरासरी आणि तिच्याभोवतीची चढउतार. खाडीतला आकडा त्या पट्ट्याच्या बाहेर गेला तरच तो बोलतो.

गाळ डोहाच्या संथ कडेचा, मोठ्या दगडाच्या आडोशाला साचलेला घ्या. रेव आणि वाळू नको. शक्य असेल तिथे नदीच्या दरडीत मीटरभर खोल, नांगराच्या खालचा थरही खरवडून घ्या. तो कारखान्यांच्या आधीचा असण्याची शक्यता जास्त.

गाळ काढताना

प्लास्टिकचा चमचा किंवा डाव आणि पॉलिथिनच्या नव्या पिशव्या वापरा. जस्ताचा मुलामा दिलेली बादली, पितळी पातेले, लोखंडी घमेले नको. हातात पावडर नसलेले मोजे घाला, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा आणि ऊन लागते म्हणून झिंक ऑक्साइडचे मलम हातावर चोपडू नका. एका ठिकाणी पाच चमचे पाच जागांवरून घेऊन एकत्र करा. फक्त वरचा २ ते ५ सेंटिमीटरचा थर घ्या. पाऱ्यासाठी वेगळा, काचेच्या बरणीतला नमुना ठेवा. दर दहा नमुन्यांमागे एक दुहेरी घ्या. तोच तुमच्या हाताची परीक्षा घेईल. सगळे बर्फाच्या पेटीत ठेवा.

खाडीत ओहोटीला, भांगाच्या दिवसांत जा. उधाणाच्या वेळी पाणी तळ ढवळत असते आणि चिखलात पायही रुततो. खाजणात एकट्याने कधीच उतरू नका. खोल पाण्यासाठी होडीतून झडप घालणारे पकड-नमुनायंत्र वापरा. कांदळवनातल्या स्थिर चिखलात पीव्हीसीचा मीटरभर पाइप उभा रोवून गाभा, म्हणजे थरांचा उभा नमुना, काढता येतो. जागा मात्र खेकड्यांची बिळे आणि निवट्यांची वर्दळ कमी असलेली निवडा, कारण ही मंडळी वरचा थर खाली आणि खालचा वर करतात.

नमुने वर्षातून दोनदा घ्या: एप्रिल-मे मध्ये आणि दिवाळीनंतर. पावसाळ्यात सह्याद्रीचा ताजा गाळ खाडीवर पसरतो. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पुरात अडकली, ते दृश्य सगळ्यांना आठवत असेल. तसल्या पुराने किती माती खाली गेली असेल याची कल्पना करा. दिवाळीनंतरचा वरचा थर त्यामुळे कळंबशी जवळीक दाखवतो, उन्हाळ्यातला थर स्थानिक सांडपाण्याशी. दोन्हींतला फरक हीच माहिती आहे.

वाळवणे, चाळणे, विरघळवणे

गाळ सावलीत किंवा ४० अंशांच्या आत वाळवा. जास्त उष्णतेने पारा उडून जातो. पाऱ्याचा नमुना शीतशुष्क पद्धतीने वाळवणे उत्तम. मग नायलॉनच्या ६३ मायक्रॉनच्या जाळीतून चाळा. धातू बारीक मातीला चिकटतात, वाळूला कमी. मुंब्र्याची वाळू आणि भाईंदरचा चिखल न चाळता शेजारी ठेवले, तर चिखल उगाच गुन्हेगार ठरतो. कुटायला अकीकाचा खल वापरा.

विरघळवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि इथे दोन्ही हव्यात. पहिली, संपूर्ण विद्रावण: यात हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते, खनिजांसकट सगळे विरघळते. हे आम्ल कातडीतून हाडापर्यंत जाते, म्हणून ते महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत अजिबात उघडू नका. कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम, धुराडे आणि अनुभवी माणूस असेल तिथेच नमुने द्या. दुसरी, सौम्य विद्रावण: पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात गाळ हलवून फक्त सैल चिकटलेला धातू काढणे. ही पद्धत स्वस्त आणि माझ्या मते या कामाचा निम्मा निकाल देणारी. बेसाल्टमधले तांबे, निकेल, क्रोमियम मोठ्या प्रमाणात पायरोक्सिन, मॅग्नेटाइटसारख्या खनिजांत बंदिस्त असते. पातळ आम्लात ते फारसे बाहेर येत नाही. सांडपाण्यातून आलेला धातू मातीच्या कणांवर वरवर बसलेला असतो, तो चटकन सुटतो. एकूण तांबे भरपूर पण सुटणारे थोडे, असे असेल तर डोंगराकडे बघा. सुटणाऱ्याचा वाटा मोठा असेल तर नाल्याकडे.

मोजणीसाठी आयसीपी यंत्र, पाऱ्यासाठी शीतबाष्प पद्धत. आयआयटी मुंबईच्या सैफ केंद्रात बाहेरचे नमुने शुल्क घेऊन तपासतात. हातात धरायचे एक्सआरएफ यंत्र मिळाले तर जागा चाळून घ्यायला ते चांगले, पण पारा आणि कॅडमियम इतक्या कमी प्रमाणात ते पकडत नाही. प्रत्येक खेपेला प्रमाणित संदर्भ गाळ आणि एक कोरा नमुना लावायला सांगा. त्यांचे आकडे नसलेला अहवाल स्वीकारू नका.

हिशोब

नुसते मिलिग्रॅम ताडू नका. प्रत्येक धातूला त्याच नमुन्यातल्या अॅल्युमिनियमने भागा. अॅल्युमिनियम मातीच्या कणांबरोबर येते, म्हणून ते मातीच्या बारीकपणाचे माप होते. लोह वापरू नका. बेसाल्टमध्ये ते मुळातच जास्त आहे आणि खाडीकाठच्या पोलाद उद्योगातूनही येते. मग खाडीतले गुणोत्तर कळंबच्या गुणोत्तराने भागा. जो आकडा येतो त्याला समृद्धी गुणांक म्हणतात. दीडच्या आत असेल तर तो निसर्गाच्या चढउतारात बसतो, दोन-तीनच्या पुढे गेला की शोध सुरू करावा.

उदाहरण काल्पनिक आकड्यांचे घेऊ. समजा कळंबला तांबे १४०, अॅल्युमिनियम ७ टक्के, गुणोत्तर २०. खाडीत तांबे १६०, अॅल्युमिनियम ८ टक्के; गुणोत्तर पुन्हा २०. गुणांक १, म्हणजे खाडीचे तांबे डोंगराचेच. आता हेच जगभर वापरल्या जाणाऱ्या शेल खडकाच्या सरासरीशी ताडा. टुरेकियन आणि वेडेपोल यांनी १९६१ मध्ये दिलेल्या त्या कोष्टकात तांबे ४५ आणि अॅल्युमिनियम ८ टक्के आहे, गुणोत्तर साधारण ५.६. गुणांक होतो ३.६ आणि निरपराध तांबे आरोपी ठरते. उलट जस्त पाहा. समजा कळंबला १०५, खाडीत ४८०. गुणोत्तरे १५ आणि ६०, गुणांक ४. हे मात्र डोंगराचे नाही. शिशाच्या बाबतीत कळंबचा पाया आणखी उपयोगी पडतो, कारण दख्खनच्या बेसाल्टमध्ये शिसे फार थोडे असते. शेलच्या २० मिलिग्रॅमशी ताडले तर खरे प्रदूषण झाकले जाते. चुकीचा पाया निरपराधाला अडकवतो तसा अपराध्याला सोडूनही देतो.

अमेरिकेच्या निकषांचेही तसेच. तिथे निकेल ५१.६ च्या वर गेले की जलचरांना धोका संभवतो, असे मानतात. कर्जतचा स्वच्छ गाळसुद्धा तो ओलांडू शकतो.

पाऱ्याला वेगळी वागणूक द्या. बेसाल्टमध्ये तो शतांश मिलिग्रॅमच्या घरात असतो आणि गाळात तो सेंद्रिय पदार्थ व सल्फाइड यांना बिलगतो. म्हणून पारा सेंद्रिय कार्बननेही भागून पाहा.

मुखाजवळच्या नमुन्यांसाठी कळंबचा पाया एकटा पुरेसा नाही, कारण तिथे खंबातच्या आखातातून येणारा नर्मदा-तापीचा गाळही असू शकतो. त्या भागात गाभ्याच्या तळाचा, धातूंचे प्रमाण स्थिर झालेला थर हा दुसरा पाया धरा. दोन पाये जुळले तर निर्धास्त व्हा.

बोट ठेवण्यापूर्वी

आता टोळ्या शोधा. जस्त आणि पारा एकत्र वाढतात का आणि काळूच्या मुखापासून दोन्ही बाजूंना कमी होत जातात का? क्रोमियम-निकेल जोडीने वर जातात का, की क्रोमियम एकटेच? नाल्याच्या तोंडचा गाळ हा ठसा धरून मिश्रणाचे गणितही मांडता येते: खाडीच्या गुणोत्तरातून कळंबचे वजा करा, नाल्याच्या गुणोत्तरातून कळंबचे वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा. नाल्याचा वाटा अंदाजे तेवढा.

गाभा काळ सांगतो. शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे २२ वर्षांचा असल्याने गेल्या शतकभराचे थर त्यावरून मोजता येतात. सीझियम-१३७ चा १९६३ च्या आसपासचा अणुचाचण्यांचा ठसा आपल्या अक्षांशांवर फिका असतो, त्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. शिसेयुक्त पेट्रोल देशभर २००० साली बंद झाले. शिशाची चढती रेघ त्याच थराच्या आसपास उतरली तर रस्त्याकडे बोट जाते, उतरलीच नाही तर भट्ट्यांकडे. पैसे असतील तर शिशाच्या २०६ आणि २०७ या समस्थानिकांचे गुणोत्तर काढा, वेगवेगळ्या खाणींचे शिसे त्यावरून वेगळे ओळखू येते. आणखी एक: मोहोन्याचा रेयॉन कारखाना २००९ पासून बंद आहे. आज वरच्या थरात पारा सापडला तर तो जुनाच गाळ उपशामुळे वर आलेला असू शकतो. चालू कारखान्याला दोष देण्याआधी ही शक्यता खोडून काढावी लागते.

अहवाल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयाला द्या. पण तुमचा नमुना न्यायालयात पुरावा म्हणून चालणार नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या २१ व्या कलमानुसार मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, कारखानदाराला नोटीस देऊन, सांडपाण्याचा नमुना घेऊन तो सीलबंद करावा लागतो. तुमचे काम त्याला नेमका नाला दाखवण्याचे. अहवालात कारखान्याचे नाव लिहू नका. नाल्याचा अक्षांश-रेखांश लिहा.

आणि पायाभूत नमुने घेण्याचे काम कर्जत-कळंबकडच्या शाळा-महाविद्यालयांनी लांबणीवर टाकू नये. पोशीर आणि शिलार या दोन धरणांना राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली आहे. बांधकाम सुरू झाले की खोदाईची माती ओढ्यांत उतरेल आणि भिंत उभी राहिली की वरचा गाळ तिच्यामागे अडेल. पोश्रीच्या ओढ्यांतले दहा-बारा नमुने आताच वाळवून, लेबल लावून, काचेच्या बरण्यांत भरून ठेवा.